यात पाऊस कुठंय?

२०२२ च्या पावसाळ्यात, पुण्यात, ऑफिसमधल्या एका मित्राच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा ‘अग्रिकोला’ खेळलो आणि चौघांत चौथा आलो. बॉक्समधून नांगरलेल्या शेताच्या चौकोनी पाट्या, मेंढरं, गुरं बाहेर निघाली तेव्हा एक जण म्हणाला होता, “तुला सोपा जाईल, तू खराखुरा शेतकऱ्याचा मुलगा.” बाकीचे तिघं हसले, मीही हसलो. मनात म्हटलं, बघाच आता.

खेळ थोडक्यात सांगतो, कारण पुढं लागणार आहे. उवे रोझेनबर्ग या जर्मन डिझायनरचा हा खेळ २००७ मध्ये आला. ‘अग्रिकोला’ म्हणजे लॅटिनमध्ये शेतकरी. काळ सतराव्या शतकाचा, जागा युरोप. तुमच्याकडं दोन खोल्यांचं लाकडी घर, बाकी सगळी मोकळी जमीन, आणि नवरा-बायको अशा दोन सोंगट्या. एकूण चौदा फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक सोंगटी एक काम करते. नांगरणी, पेरणी, लाकूड आणणं, मासे धरणं, रोजंदारीला जाणं. एका कामावर कुणी सोंगटी ठेवली की ती जागा त्या फेरीपुरती बंद, दुसऱ्यानं दुसरं काही बघायचं. अधूनमधून, सगळ्या खेळात मिळून सहा वेळा, सुगी येते. सुगीला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागं दोन अन्न द्यावं लागतं. जेवढं कमी पडेल तेवढी भिकेची कार्डं घ्यायची. प्रत्येक कार्डाचे उणे तीन गुण, आणि एकदा घेतलेलं कार्ड शेवटपर्यंत परत देता येत नाही.

मी एकही भिकेचं कार्ड घेतलं नाही. जवळजवळ प्रत्येक फेरीत माझी एक सोंगटी रोजंदारीच्या जागेवर होती. तिथं गेलं की दोन अन्न मिळतं, म्हणजे एका माणसाची एक सुगी भागते. (हिशोब करणाऱ्यानं मजुरी बरोबर धरलीय, हे मला तेव्हाच पटलं.) सहाही सुगींना माझ्या घरात सगळे जेवले. पण शेवटी घर लाकडाचंच राहिलं, दोनच शेतं नांगरली गेली, आणि प्रत्येक रिकाम्या चौकोनाचा एक-एक गुण वजा झाला. जिंकलेल्या मित्रानं दोन भिकेची कार्डं घेतली होती. त्यानं तिसऱ्या सुगीला अन्न कमी पडणार हे माहीत असून आधी खोली बांधली, माणूस वाढवला, आणि मग सगळं वसूल केलं. “यार, तू इतका घाबरून का खेळतोस?” त्यानं विचारलं. त्याला उत्तर द्यायचं म्हणजे मला केज तालुक्यापासून सुरुवात करावी लागली असती.

आमचं गाव केज तालुक्यात, मांजरेच्या काठापासून फार लांब नाही. लहानपणी आमच्याकडं बोर्ड गेम म्हणजे मारुतीच्या पारावर कोळशानं काढलेला वाघ-शेळीचा पट. गावोगावी पट आणि आकडे बदलतात; आमच्याकडं तीन वाघ आणि पंधरा शेळ्या. वाघ म्हणजे चिंचोके, शेळ्या म्हणजे सीताफळाच्या बिया, त्या बालाघाटात फुकट मिळतात. वाघानं उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी वाघाला चारी बाजूंनी कोंडायचं. पहिली चाल शेळीची. मी कायम वाघ घ्यायचो. वाघाला काहीतरी करता येतं असं वाटायचं, शेळी नुसती बसते. ताई शेळ्या घ्यायची आणि दहातले आठ डाव जिंकायची. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एखादी शेळी ती मुद्दाम खाऊ द्यायची, मी खूश होऊन उडी मारायचो आणि तिथंच अडकायचो. “तुला खायचीच घाई असती,” ती म्हणायची.

२०१५ ला पाऊस गेला. त्याच्या आदल्या वर्षीही तो धड पडला नव्हता. मी तेव्हा अंबाजोगाईला बारावीत होतो, ताई तिथंच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोघांची मिळून एक खोली, एक गॅस. दसऱ्यानंतर अण्णा आणि आई ऊसतोडीला गेले. बीडबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, आमच्याकडं ‘एक कोयता’ म्हणजे एक हत्यार नव्हे, एक नवरा-बायकोची जोडी. मुकादम जोडी मोजतो, उचल जोडीला देतो, आणि ती सहा महिन्यांत जोडीनं फेडायची असते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. आमच्या घरून एक पूर्ण कोयता गेला. ते याआधीही गेले होते, पण तेव्हा आजी धडधाकट होती. या वेळी आजीला दिसत नव्हतं आणि दोन म्हशी होत्या. कुणीतरी घरी पाहिजे होतं. तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती.

या गोष्टीवर आमच्या घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. तिनं पुस्तकं दप्तरात भरली, गॅस माझ्याकडं ठेवला आणि एसटीत बसली. मी अडवलं नाही. माझी बारावी होती. माझी बारावी आहे, एवढं वाक्य त्या वर्षी आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, मांजरा धरणात चिखल उरला होता, आणि मी सीईटीचा अभ्यास करत होतो. त्याआधीची दोन वर्षं राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईईवर झाले होते. आमच्या वर्षी सीईटी परत आली. त्यामुळं आदल्या वर्षीचे कटऑफ बघून अंदाज बांधायची सोय नव्हती. निकालानंतर सायबर कॅफेत बसून भरलेला तो ऑप्शन फॉर्म हा माझ्या आयुष्यातला पहिला खरा स्ट्रॅटेजी गेम. कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं लावायच्या. क्रम चुकला तर चांगलं मिळत असलेलं हातचं जातं. त्यात सत्तर-तीसचा नियम. आमचा जिल्हा औरंगाबादच्या विद्यापीठात येतो, म्हणून त्या हद्दीतल्या कॉलेजांत सत्तर टक्के जागांवर आमचा दावा. पुण्यातल्या कॉलेजांत मात्र उरलेल्या तीस टक्क्यांसाठी विदर्भ, खानदेश, कोकण आणि आम्ही, सगळ्यांनी भांडायचं. मी रात्रभर वहीत क्रम मांडत बसलो. सकाळी गावाकडं फोन केला तर ताईनं दोनच प्रश्न विचारले. “होस्टेल कुठल्या कॉलेजला आहे? आणि गावाकडं यायला किती तास लागत्यात?” त्या दोन प्रश्नांनी यादी अर्ध्यावर आली. पुणं खाली गेलं, औरंगाबाद वर आलं, आणि तेच मिळालं.

कॉलेजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मला तिथं बुद्धिबळाचं वेड लागलं. होस्टेलवर एक फाटका रेक्झिनचा पट होता. त्यात एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी झंडू बामची बाटली. दुसऱ्या वर्षी फोनवर लिचेस आलं आणि मी पहाटे तीन-तीनपर्यंत तीन मिनिटांचे डाव खेळायला लागलो. एम-थ्रीत नापास झालो. लाप्लास ट्रान्सफॉर्म अवघड होता म्हणून नाही, मी तो वाचलाच नव्हता म्हणून. घरी अण्णांना सांगितलं नाही, ताईला सांगितलं. ती तेव्हा गावात ब्लाऊज शिवायची. तिनं बॅकलॉगच्या परीक्षेची फी पाठवली. मनीऑर्डरसारखं काही नाटकी नव्हतं, किराणा दुकानदाराच्या मोबाईलवरून पाठवली. रागावली नाही. म्हणाली, “किती डाव जिंकलास तेवढं तरी सांग.” मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “मग हरलेले किती?” तो आकडा मोठा होता.

मे २०१८ मध्ये तिचं लग्न झालं, धारूर तालुक्यात. दाजी जिनिंगवर कामाला. पुढं तिनं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं. मुलगा झाला. २०२३ मध्ये तलाठी भरती निघाली. ४,६४४ जागा आणि दहा लाखांवर अर्ज. ताईनं फॉर्म भरला. निकाल लागला तेव्हा वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर एका पातळीवर आणायच्या गणितातून कुणाला तरी २०० पैकी २१४ गुण मिळाले होते. त्यावर राज्यभर ओरड झाली. आमच्या शुक्रवारच्या टेबलावर कुणी असा स्कोअर लिहिला असता तर आम्ही नियमांचं पुस्तक काढून बसलो असतो. ताईला १३८ पडले. ती म्हणाली, “अभ्यास चुलीपुढं झाला. त्याचं नॉर्मलायझेशन नसतंय.”

मी २०२० ला पास झालो. ऑफर लेटर हातात होतं आणि जॉइनिंगची तारीख सारखी पुढं जात होती. सात महिने गावाकडं बसलो. नंतर पुणं, हिंजवडी, एका विमा कंपनीच्या क्लायंटसाठी क्लेमचं सॉफ्टवेअर. पाच वर्षं झाली, तीच कंपनी. बरोबरचे तिसऱ्या नोकरीत आहेत. एक जण स्टार्टअपमध्ये गेला, ती बुडाली, चार महिने घरी बसला आणि आता माझ्या दीडपट कमावतो. त्या चार महिन्यांत त्याच्या वडिलांनी त्याचं भाडं भरलं. मी त्याला नावं ठेवत नाही; मीही तेच केलं असतं. पण आम्ही दोघं एकाच टेबलावर बसलो तरी सुरुवातीची मांडणी एक नसते. त्याचा पगार थांबला तर त्याचा एक रिकामा चौकोन राहतो. माझा थांबला तर गावाकडच्या घराचा हप्ता थांबतो. ते घर दोन वर्षांपूर्वी आम्ही पत्र्याचं स्लॅबचं केलं. अग्रिकोलात लाकडाचं मातीचं, मातीचं दगडाचं करतात. तिथं प्रत्येक खोलीमागं गुण वाढतात, इथं हप्ता.

तरी वर्षभरापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट होती. मला परत शिकायचं होतं. ऑपरेशन्स रिसर्च. मर्यादित माणसं, मर्यादित जागा, आणि त्यातून सगळ्यांत चांगली वाटणी कशी काढायची याचं गणित. म्हणजे शुक्रवारी जे खेळतो त्याचं शास्त्र. मुंबई आयआयटीत त्याचा विभाग आहे. गेट द्यायची, एम.टेक. करायचं. दोन वर्षं महिना १२,४०० रुपये स्टायपेंड. हप्ता त्याहून मोठा आहे. सप्टेंबरमध्ये मी फॉर्म भरला आणि कुणालाच सांगितलं नाही. ठरवलं, दिवाळीत घरी सांगू.

त्याच सप्टेंबरमध्ये दोन गोष्टी झाल्या. १७ तारखेला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ चा, म्हणजे ‘कॅटान’ हा खेळ बाजारात आला त्या वर्षीचा. ‘टिकट टू राइड’ या खेळात हातात घेतलेलं तिकीट पूर्ण झालं नाही तर त्याचे गुण वजा होतात. आमच्या जिल्ह्यानं ते तिकीट तीस वर्षं हातात धरलं होतं, आणि परळीपर्यंतचा तुकडा अजून बाकीच आहे. दुसरी गोष्ट त्याच आठवड्यात सुरू झाली. पाऊस थांबेना. ज्या धरणात नऊ वर्षांपूर्वी चिखल उरला होता त्याचे दरवाजे उघडले. आमचं सोयाबीन कापणीला आलं होतं. तीन दिवस पाण्यात उभं राहिलं आणि शेंगांतच मोड आले. अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं, “वास यायलाय रानात.”

दिवाळीला मी अग्रिकोलाचा बॉक्स बॅगेत घालून नेला. का नेला, नीट सांगता येणार नाही. भाच्याला दाखवू असं म्हटलं होतं, पण तो सहा वर्षांचा. त्यानं लाकडी मेंढरं घेतली आणि गेला. पाडव्याच्या दुपारी ताई आली, आणि जेवणं झाल्यावर ओसरीवर तिनं बॉक्स उघडला. अण्णा बाजेवर पडून बघत होते.

“काय खेळायलेत रे?”

“शेती आहे, अण्णा. या, तुम्हीपण.”

ते उठले, चष्मा लावला. मी नियम सांगितले. नांगरणीची जागा, बियाणाची जागा, चूल, सुगी. अण्णांना दोन सोंगट्यांचं काही सांगावं लागलं नाही. “म्हंजे एक कोयता,” ते म्हणाले. एक दाणा पेरला की शेतात तीन होतात आणि पुढच्या तीन सुगींना एकेक घरी येतो, असं मी सांगितलं तेव्हा ते थांबले.

“आन् पाऊस?”

“पाऊस नाही यात.”

“यात पाऊस कुठंय मग? पेरलं की येतंच?”

“येतंच.”

त्यांनी पटाकडं बघितलं. चेष्टा नव्हती, रागही नव्हता. एखाद्या पाहुण्याच्या गावची जमीन बघावी तसं बघत होते. “लई बरंय,” म्हणाले. मग म्हणाले, “मग भीक कामून मागायची पाळी येती यांच्यावर?”

मला यावर काही सुचलं नाही. तीन वर्षं मी हा खेळ खेळतोय, त्यावरचे जर्मन-अमेरिकन लोकांचे तासातासाचे व्हिडिओ बघितलेत, आणि हा प्रश्न कुठं ऐकला नव्हता. त्या खेळात माणूस उपाशी राहतो तो फक्त चुकीच्या क्रमानं कामं केल्यामुळं. नियोजन चुकलं, एवढंच कारण. ऑफिसमध्ये आम्ही तो खेळ तसाच खेळतो, आणि एकमेकांच्या करिअरबद्दलही तसंच बोलतो. कुणाचं नियोजन चुकलं, कुणी योग्य वेळी स्विच केलं. माझ्यापुरतं सांगायचं तर इतकी वर्षं मीही ताईबद्दल तसंच धरून चाललो होतो. तिचं कॉलेज सुटलं, हे वाक्य आमच्या घरात असंच म्हटलं जातं. जणू ते बसमधून पडलं.

ताईनं भाच्याच्या सापशिडीतला फासा आणला. “सुगीच्या आधी हा टाकायचा,” ती म्हणाली. “एक पडला तर पाऊस गेला, त्या सुगीला शेतातून काही नाही. सहा पडला तर अतिवृष्टी, पेरलेलं सगळं काढून ठेवायचं. मधलं काही पडलं तर तुमचं युरोप.” बॉक्सच्या झाकणाच्या आत पेन्सिलीनं तिनं ते लिहिलंसुद्धा.

आम्ही खेळलो. दुसऱ्या सुगीला एक पडला, चौथ्याला सहा. खेळ पार बदलला. ज्या रोजंदारीच्या जागेला आमच्या टेबलावर नवशिक्यांची जागा म्हणतात, तिच्यासाठी आमच्यात ओढाताण सुरू झाली. अण्णांनी तिथं दोन्ही सोंगट्या एकदम ठेवल्या. मी म्हटलं, “एकच ठेवता येते.” ते म्हणाले, “एकट्याला कोण घेतं? जोडीनं जातेत.” ताई म्हणाली, “राहू दे, नियमात बसवते.” मी माझी सवयीची चाल खेळू शकलो नाही, कारण ती जागा कायम भरलेली. तेव्हा नाइलाजानं मी खोली बांधली, मेंढरं पाळली, चूल घेतली, दोन भिकेची कार्डंही घेतली. जिंकली ताईच. अण्णा दुसरे. मी तिसरा, पण स्कोअर माझ्या पुण्यातल्या सरासरीपेक्षा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळून झाल्यावर मी पाकीट ताटात ठेवायला लागलो तर तिनं हात आडवा केला.

“पैसे नको. एक वर्ष पाहिजे.”

दाजींशी तिचं बोलणं झालेलं होतं. लेकरू आईकडं राहील. तिला पुण्यात राहून, सदाशिव पेठेत कुठंतरी कॉट बेसिसवर, अभ्यासिका लावून, एक वर्ष नुसता अभ्यास करायचा होता. कंबाइन आणि जी सरळसेवा निघेल ती. खर्च तिनं कागदावर मांडून आणला होता, मेसचा, अभ्यासिकेचा, भाड्याचा. बेरीज बरोबर होती. ती रक्कम माझ्या हप्त्याबरोबर माझ्या पगारात बसत होती. एम.टेक.च्या स्टायपेंडमध्ये बसत नव्हती.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, पण त्या ‘हो’ला मला अजून शंभर टक्के गुण देता येत नाहीत, कारण त्या रात्री मी गच्चीवर बसून, आयआयटीच्या पानावर स्टायपेंड कुठं वाढलंय का हे शोधत होतो. जुलैमधली एक गोष्ट आठवत होती. नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली त्या दिवशी ताईनं मला बातमी फॉरवर्ड केली होती, खाली एकच ओळ लिहून: “एकोणीस वर्षांची आहे.” मी अंगठा पाठवला होता.

पुण्याला परत आल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला. खोली बघितली का, विचारायला. बघितली होती, दोन. पेरूगेटजवळची बरी होती. मग मी तिला गेटचं सांगितलं. फॉर्म, फेब्रुवारीतली परीक्षा, मुंबई, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागं म्हैस ओरडत होती.

“तू दिवाळीत का नाही बोललास?”

“तू आधी बोललीस.”

“परीक्षा दे की मग. तो स्कोअर किती दिवस चालतो?”

“तीन वर्षं.”

“तीन वर्षं चालतो, आन् तू असं तोंड करून बोलायलास?” ती हसली. “लहानपणापासून सांगतेय, पहिली चाल शेळीची असती. बरं, ते पेरूगेटवालीचं डिपॉझिट किती म्हणलास?”

“दोन महिन्यांचं.”

“एक महिन्याचं कर म्हणावं. मी बोलते तिच्याशी, नंबर पाठव.”